मधल्या माणसाला कान असतात

चार शनिवार झाले, आमच्याकडे एका दुभाष्यावरून भांडण चालू आहे. इंदूरच्या रामबागेत एका मावशींच्या घरी आम्ही आठ-दहा जण जमतो. एक पुस्तक घ्यायचं आणि महिनाभर त्यावर बोलायचं, एवढाच नेम. या वेळी आलं ते जॉन ल कॅरेचं ‘द मिशन साँग’. कादंबरी २००६ सालची, हेरगिरीची, पण तिचा नायक दुभाष्या आहे. आमच्यातल्या निम्म्यांचा इंग्रजी वाचायचा सराव सुटलाय, आणि मावशींचे तर डोळेच आता साथ देत नाहीत. म्हणून दर शनिवारी दोन-तीन प्रकरणं मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. हे आधी सांगून ठेवते, कारण त्याचा पुढं संबंध आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रुनो साल्व्हाडोर, म्हणजे साल्व्हो. बाप आयरिश कॅथलिक मिशनरी, आई काँगोतल्या एका गावच्या मुखियाची मुलगी. स्वाहिलीपासून पूर्व काँगोतल्या किवू भागातल्या लहान-लहान बोलींपर्यंत सगळं त्याच्या जिभेवर. लंडनमध्ये तो इस्पितळांत, न्यायालयांत, कंपन्यांसाठी दुभाष्याचं काम करतो आणि मधूनमधून ब्रिटिश गुप्तचरांसाठीही. एकदा त्याला खोटं नाव देऊन उत्तर समुद्रातल्या एका निनावी बेटावर नेतात. तिथं पूर्व काँगोतले तीन मातब्बर आणि एक निनावी सिंडिकेट यांची गुप्त बैठक आहे. त्याला सांगितलेलं असतं की काँगोत लोकशाही आणायचं चाललंय. वर टेबलाशी बसून भाषांतर करायचं, आणि मधल्या सुट्टीत तळघरात जाऊन, चोरून बसवलेल्या मायक्रोफोनांवरून पाहुणे आपसात काय कुजबुजतात ते ऐकायचं, असं त्याचं दुहेरी काम. पण जिथं कान लावायला सांगितलं नव्हतं तिथंही तो कान लावतो. लोकशाहीच्या नावाखाली खाणींची वाटणी ठरते आहे आणि एका पाहुण्याचे हाल केले जाताहेत, हे त्याला कळतं. तो टेप आणि वह्या उचलतो, आणि तिथून त्याचे दिवस फिरतात.

मतं अर्थातच फाटली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका पहिल्याच दिवशी म्हणाले, “एकोणतीस-तीस वर्षांचा बाप्या, आणि सरकारी माणसानं पाठीवर थाप मारली की शेपटी हलवतो. असा भोळा माणूस गुप्तचर खातं ठेवून घेईल?” इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाची तक्रार वेगळी. हेरकथा म्हणून घेतली आणि शंभर पानं नुसती बैठक चाललीय, कोणी कोणाच्या मागं धावत नाही. शेजारच्या वहिनींना मात्र तीच बैठक सगळ्यात आवडली. त्यांचं म्हणणं, लग्नाच्या बोलणीत शब्द कसे तोलतात ते आपण पाहिलेलं आहे, इथं तेच आहे, फक्त हुंड्याच्या जागी देश आहे.

काही तक्रारी मला मान्य आहेत. सुरुवात फार रेंगाळते. साल्व्होची प्रेयसी हॅना, लंडनमधली काँगोली नर्स, इतकी निर्मळ लिहिलीय की तिला एकदा तरी राग यावा, तिनं एकदा तरी चूक करावी असं वाटत राहतं. आणि साल्व्होचं बोलणं कधीकधी किवूत वाढलेल्या मुलाचं वाटत नाही, इंग्रजी बोर्डिंग शाळेतल्या मुलाचं वाटतं. हे दोष आहेतच.

“लंडनमधले चार सभ्य गृहस्थ बसून आफ्रिकेतलं राज्य उलथवायचं ठरवतात, हे काही पटत नाही,” हा आक्षेप मात्र मी मानत नाही. मार्च २००४ मध्ये हरारेच्या विमानतळावर एक विमान अडवलं गेलं. आत भाडोत्री सैनिक होते आणि बेत होता इक्वेटोरियल गिनीचं सरकार पाडायचा. म्होरक्या सायमन मान हा इटनला शिकलेला, ब्रिटिश लष्करातला माजी अधिकारी. मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क यानं हेलिकॉप्टरसाठी पैसे दिल्याच्या प्रकरणात जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गुन्हा कबूल केला. कादंबरी त्याच्या पुढच्याच वर्षी आली. आणि किवूतल्या ज्या बुकावू-गोमाभोवती तिची कथा फिरते, ती दोन्ही शहरं २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत एम-२३ बंडखोरांच्या हातात गेली. आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये टँटलमचे बारीक कपॅसिटर असतात. त्या धातूचं खनिज, कोल्टन, त्याच डोंगरांत निघतं. ल कॅरे स्वतः पूर्व काँगोत जाऊन आला होता. त्याचा संताप घरबसल्या आलेला नाही.

पण खरा वाद काकांच्या पहिल्या वाक्यावर आहे. साल्व्हो भोळा आहे का?

दुभाष्याचं काम कसं चालतं ते आधी पाहू. समोरचा म्हणतो, “मी तुम्हाला शब्द देतो.” दुभाष्या “ते म्हणताहेत की ते शब्द देतील” असं म्हणत नाही. तोही म्हणतो, “मी तुम्हाला शब्द देतो.” हा ‘मी’ त्याचा नसतो. दिवसभर दुसऱ्याच्या ‘मी’ मध्ये राहायचं, त्याच्या रागात रागवायचं, त्याच्या आर्जवात नमायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या ‘मी’ कडे परत यायचं. २० नोव्हेंबर १९४५ला न्यूरेंबर्गचा खटला सुरू झाला तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी भाषांतर होत होतं. बोलणारा घाई करू लागला तर पिवळा दिवा लागे, भाषांतर अडकलं तर लाल. त्या काचेमागं बसलेल्या दुभाष्यांत नाझींपासून पळून आलेल्या ज्यू घरांतली मुलंही होती. आरोपींचा ‘मी’ त्यांना स्वतःच्या तोंडून बोलावा लागला, आणि त्यांनी तो बोलून दाखवला. ज्याच्यासाठी बोलतो त्याच्यावर त्या घटकेपुरता विश्वास ठेवल्याशिवाय हे काम होतच नाही. साल्व्होला बेटावरच्या लोकांचं खरं वाटतं, कारण त्यांची वाक्यं तो स्वतःच्या आवाजात म्हणतोय. काका ज्याला भोळेपणा म्हणतात ती माझ्या मते त्या धंद्याची सवय आहे.

काकांचं उत्तर तयार होतं. “मग त्यानं सवय पाळावी ना! नळ आहेस तर नळासारखा राहा. पाणी कुणाचं, कुठं चाललंय, याच्याशी नळाला काय करायचं?”

इथं मला आपल्याच भाषेतला एक शब्द आठवतो. हिंदीत कोणी म्हणालं, “हम ये ज़मीन बाँट लेंगे.” मराठीत काय सांगाल? “आपण ही जमीन वाटून घेऊ” की “आम्ही ही जमीन वाटून घेऊ”? ‘आपण’ म्हटलं तर ऐकणारा वाटेकरी झाला, ‘आम्ही’ म्हटलं तर तो उघड्यावर पडला. हिंदीतल्या ‘हम’ ला हे ठरवावं लागत नाही, इंग्रजीतल्या ‘वी’ लाही नाही. (इंदूरच्या बोलण्यातल्या ‘अपन’ ला ते जमतं, म्हणून तर तो शब्द आपल्या मराठी घरांतही सहज शिरला.) मराठी दुभाष्याला मात्र त्या क्षणी ठरवावंच लागतं, आणि ठरवायचं तर बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखावं लागतं. नळाला हे करता येत नाही. ज्याला अर्थ कळल्याशिवाय काम करता येत नाही, त्याला कळलेला अर्थ नंतर विसरून जा असं सांगता येईल का?

मधला माणूस निव्वळ मधला राहत नाही, हे इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपलं हे शहर ज्या तहानंतर होळकरांची राजधानी झालं, तो मंदसौरचा तह ६ जानेवारी १८१८चा. महिदपूरला इंग्रजांकडून हार होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. होळकरांकडून तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. समोर ईस्ट इंडिया कंपनीकडून जॉन माल्कम. हा माल्कम कंपनीच्या फौजेत पोरसवदा वयात आला, फारसी शिकला आणि १७९२ मध्ये निजामाकडच्या तुकडीवर फारसीचा दुभाष्या म्हणून नेमला गेला. तिथून त्याचं नशीब उघडलं. दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडं नेणारा माणूस पंचवीस वर्षांनी माळव्याच्या तहाची वाक्यं स्वतः घालत होता. आपल्याकडेही ही जागा मोठी होती. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो फारसनीस, पुढं पारसनीस. आज ते आडनाव तेवढं उरलं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, इंग्रजांच्या वतीनं रायगडावर बोलणी करणारा नारायण शेणवी हाही दुभाषीच. दरबारांना ठाऊक होतं की हा माणूस सगळं ऐकतो, म्हणून त्याला हुद्दा, वेतन आणि इमानाची शपथ देत. आपण त्याचं काम ठेवलं आणि हुद्दा काढून घेतला.

काकांच्या म्हणण्यात एक वजनदार गोष्ट आहे आणि ती टाळून मला पुढं जायचं नाही. दुभाष्याचं तोंड सुटलं तर त्याच्यासमोर कोणी बोलणार नाही. रुग्ण डॉक्टरला आजार सांगणार नाही, आरोपी वकिलाला खरं सांगणार नाही, दोन देश भांडण मिटवायला बसणार नाहीत. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या संमेलन-दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत कडक गोपनीयता अगदी पायाला आहे. जुलै २०१८ मध्ये हेलसिंकीत ट्रम्प आणि पुतिन बंद दाराआड बोलले, तेव्हा अमेरिकी बाजूच्या दुभाषी बाईंना संसदेपुढं बोलावून आत काय झालं ते विचारा, अशी मागणी झाली. ती पुढं गेली नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. ते उत्तर नेत्यानं द्यायचं होतं. दुभाषी फुटली की त्या खुर्चीवरचा विश्वास कायमचा जातो. विश्वासघात करणारेही आहेतच. ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॅनियल जेम्स नावाचा ब्रिटिश लष्करातला दुभाष्या पकडला गेला. अफगाणिस्तानात तो थेट सेनापतीसाठी भाषांतर करायचा आणि इराणला संदेश पाठवत होता. २००८ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे काका बरोबर? तर आता दुसरं नाव घेते. कॅथरीन गन. ब्रिटिश सरकारच्या ऐकणाऱ्या खात्यात, जीसीएचक्यूमध्ये, चिनी भाषेची अनुवादक. जानेवारी २००३च्या शेवटी तिच्यासमोर एक ईमेल आला. इराकवर हल्ला करायचा ठराव पास व्हावा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या काही देशांचे फोन ऐका, मदत करा, अशी अमेरिकी खात्याची विनंती. तिनं तो बाहेर दिला. २ मार्चला तो वर्तमानपत्रात छापून आला, काही दिवसांत तिनं स्वतः कबुली दिली. सरकारी गुपितांच्या कायद्याखाली खटला भरला गेला आणि २५ फेब्रुवारी २००४ला सरकारनं न्यायालयात पुरावाच मांडला नाही, खटला संपला. साल्व्होला ‘न पटणारा’ म्हणणाऱ्यांनी या बाईंकडं बघावं. अशी माणसं त्याच देशात, त्याच दशकात होती. जेम्स आणि गन या दोघांनी एकच कृती केली, कामावर कळलेलं बाहेर दिलं. पण कुणाला दिलं, कशासाठी दिलं आणि नंतर स्वतःचं नाव पुढं केलं का, हे तीन प्रश्न विचारले की दोघं एका रांगेत बसत नाहीत.

आणि हा फरक आपल्या कायद्याला दीडशे वर्षांपासून कळतो. १८७२च्या पुरावा कायद्यातलं कलम १२६ सांगत होतं की अशिलानं सांगितलेलं वकिलानं बाहेर बोलायचं नाही. कलम १२७ तेच बंधन दुभाष्यालाही घालत होतं. पण १२६ मध्येच पुढं एक परंतुक, म्हणजे अपवाद, होतं. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेल्या बोलण्याला हे संरक्षण नाही. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. तोंड बंद ठेवायचं ते विश्वासानं बोलणाऱ्यासाठी, गुन्ह्याला झाकण म्हणून नव्हे. साल्व्होनं टेप चोरले, चूक. तरीही त्या टेपांत जे होतं ते गुपित म्हणून जपण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

इथपर्यंत वाद लंडन-काँगोचा होता. माझ्यासाठी तो इथंच, इंदुरात, पर्चीच्या खिडकीवर सुरू झाला. मी बरीच वर्षं एका इस्पितळात त्या खिडकीमागं बसले. कुठलं ते सांगत नाही. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानीकडून माणसं येत. चार-पाच तास बसचा प्रवास करून, अंगावर तापलेलं लेकरू घेऊन आलेली बाई खिडकीशी उभी राही आणि आमची हिंदी तिच्या कानावरून जाई. भिली बोलणारे २०११च्या जनगणनेत एक कोटी चार लाखांवर आहेत. आठव्या अनुसूचीतल्या डोगरी, बोडो, काश्मिरी, संथाली या भाषांपेक्षा जास्त. तरी भिलीला त्या २२ भाषांत जागा नाही, आणि माझ्या खिडकीमागं भिली कळणारा एकही पगारी माणूस नव्हता.

होती ती एक आयाबाई. अलिराजपूरकडची. वॉर्डात लादी पुसायची, बेडपॅन उचलायची आणि कोणी अडलं की तिला हाक मारत. एकदा हात मोडलेली एक तरुण मुलगी आणली. नवरा सोबत, त्याला मोडकंतोडकं हिंदी येई. डॉक्टर नवखे होते, भले होते. म्हणाले, “इससे पूछो, कैसे लगी.” आयाबाईनं विचारलं. मुलगी खाली बघत राहिली. तेवढ्यात नवरा तोंड न हलवल्यासारखं करून भिलीत काहीतरी पुटपुटला. मग मुलगी बोलली. आयाबाई म्हणाली, “बोल रही है, कुएँ की सीढ़ी से गिरी.” मी फाइल घेऊन तिथंच उभी होते. आयाबाईच्या हातात ओलं फडकं होतं. ते तिनं बादलीच्या काठावर ठेवलं, नीट पसरून ठेवलं, आणि म्हणाली, “और साब, इसके आदमी ने बीच में बोला, गिरने का बोल, नहीं तो छोरा तेरे को नहीं देंगे.”

नवरा ओरडायला लागला. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, एमएलसी, म्हणजे पोलिसी प्रकरणाची नोंद, झाली, मुलीला वेगळ्या वॉर्डात हलवलं. दोन दिवसांनी आयाबाईला वर बोलावलं. “जितना पूछा उतना बताने का. तेरे को किसने बोला था बीच की बात बताने को?” त्या आठवड्यात तिला वॉर्डातून काढून धुण्याकडं टाकलं. भाषांतराचे पैसे तिला कधी एक रुपया मिळाले नव्हते, तेव्हा ते कापायचा प्रश्नच नव्हता.

मी तेव्हा गप्प बसले. तिनं आगाऊपणा केला असं मलाही थोडं वाटलं होतं. पुष्कळ वर्षांनी दुभाष्यांच्या कामाबद्दल वाचू लागले तेव्हा कळलं की न्यायालयात आणि इस्पितळात काम करणाऱ्या शिकलेल्या दुभाष्याला पहिल्या दिवशी जो नियम शिकवतात, तोच तिनं पाळला होता. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं भाषांतरित करायचं. हळू बोललेलं, रागानं बोललेलं, दुसऱ्याला उद्देशून बोललेलं, सगळं. आपल्या मनानं काही गाळायचं नाही, घालायचं नाही. तिनं कुठलंही गुपित फोडलं नाही. ती पुरी इमानदार होती आणि तिला शिक्षा झाली ती काही न गाळल्याची. साल्व्होची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तो खोलीतलं बाहेर नेतो. पण दोघांना ऐकावं लागलं ते वाक्य एकच: तुला बोलायला ठेवलं होतं, ऐकायला नाही.

म्हणून मला या कादंबरीतून निघणारा प्रश्न साहित्यापुरता ठेवता येत नाही. आपल्या न्यायालयांना दुभाष्या नवा नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३चं कलम २७९ सांगत होतं की साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत असेल तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे. कलम २८२ सांगत होतं की दुभाष्यानं खरंच भाषांतर करायचं. १ जुलै २०२४ला नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिनंही हे उचललं. १९६९च्या शपथ कायद्यात साक्षीदारासोबत दुभाष्यालाही शपथ आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा २०१२चा पॉक्सो कायदा याच्याही पुढं गेला. मुलाचा जबाब घेताना पात्र दुभाष्या, त्याची ठरलेली फी, आणि नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षात दुभाष्यांची नोंदवही. म्हणजे काय करायचं ते सरकारला माहीत आहे. तीच नोंदवही जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या सरकारी इस्पितळासाठी का नाही? भिली, बारेली, निमाडी, कोरकू आणि खुणांची भाषा. यातलं निदान एक माणूस पाळीवर हजर हवं, दर बोलावण्याला पैसे हवेत, थोडं तरी प्रशिक्षण हवं, शपथ हवी. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: ऐकलेल्यात गुन्हा असेल तर कुणाकडं जायचं, त्या अधिकाऱ्याचं नाव त्याला पहिल्या दिवशी लिहून द्यायला हवं. कादंबरीत साल्व्हो दारोदार फिरतो, ज्या मोठ्या माणसांवर भरवसा ठेवला त्यांच्याकडंच जातो आणि तीच दारं बंद होतात. आमच्या आयाबाईला तर फिरायला दारंही नव्हती.

नातेवाईकाकडून भाषांतर करून घेतलं की काम भागतं, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. त्या मुलीच्या नवऱ्याकडून करून घेतलं असतं तर? आणि भाषा जवळच्या असल्या तरी भागत नाही. जळगावकडच्या एका म्हातारीला इथल्या वकिलानं मुलाबद्दल विचारलं, “शिक्षा कितनी हुई है?” त्याला शिक्षण विचारायचं होतं. मुलगा आत होता, तिच्या कानात आपली मराठी ‘शिक्षा’ गेली आणि ती तिथंच खाली बसली.

चांगल्या दुभाष्यानं काय होतं हेही इंदूरनं पाहिलंय. लहानपणी हरवून पाकिस्तानात वाढलेली मूकबधिर गीता २६ ऑक्टोबर २०१५ला भारतात आली आणि इंदूरच्या संस्थेत राहिली. तिला नाव-गाव लिहून सांगता येत नव्हतं. आपल्या शहरातल्या खुणांच्या भाषेच्या जाणकारांनी तिच्याजवळ बसून वर्षानुवर्षं तिच्या हातांतून रेल्वे स्टेशन, नदी, शेतं वाचली, आणि तिच्या घराचा शोध सरकत सरकत मराठवाड्यात परभणीपर्यंत गेला. त्यातली प्रत्येक खूण कुणीतरी न गाळता टिपली होती.

गाळण्याबद्दल बोलले, तर मला माझंही सांगायला हवं. कादंबरीत तळघरातल्या मायक्रोफोनवरून साल्व्होला त्या पाहुण्याचा, हाजचा, छळ ऐकू येतो. ती पानं मी तिसऱ्या शनिवारी दोन वाक्यांत संपवली. मावशी ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांना त्रास नको, असं मनाशी म्हटलं. पुढच्या प्रकरणात हाजचं वागणं एकदम बदलतं. चौथ्या शनिवारी मावशी म्हणाल्या, “थांब. या माणसाचं काहीतरी झालंय आणि तू ते सांगितलं नाहीस.” काका म्हणाले, मलाही वाटलं होतं, हा उगीच का बदलला. म्हणजे महिनाभर ज्या साल्व्होला आम्ही भोळा, अतिरेकी, न पटणारा ठरवत होतो, त्यातला काही भाग माझ्या गाळण्यानं तसा झाला होता. टेप चोरण्याचं कारणच मी त्यांच्यापासून काढून घेतलं होतं.

मी पुस्तक मागं उलटलं आणि ती पानं पहिल्या ओळीपासून मराठीत सांगायला लागले. साल्व्होचा ‘मी’ माझ्या तोंडी, हाजच्या किंकाळ्या माझ्या तोंडी. दोनदा आवाज अडकला. दुसऱ्यांदा अडकला तेव्हा मावशींनी तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाल्या, “पाणी पी. पण सगळं सांग.”